प्रयागबाईंच्या खोंडाचं बारसं

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. महाळुंगे पडवळच्या प्रयागबाई मात्र नावाचंही कूळमूळ विचारल्याशिवाय ते दावणीला येऊ देत नसत. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर नाव एकदा भोंग्यावरून पुकारलं की जन्माचं चिकटतं, आणि नावाचा गुण जनावराच्या पायात उतरतो, असं त्यांचं ठाम मत.

यंदा घरचा पांढरा खोंड पहिल्यांदाच शर्यतीला उतरणार होता. घरात उत्साह उतू चालला होता, पण एक सल होता. लेक तेजस्विनीने आळ्याच्या हस्तीमल शेठच्या संयमशी लग्न केलं, तेव्हापासून प्रयागबाईंनी तिला उंबरा बंद केला होता. आता खोंडाला ओवाळायला येऊ का, असं तिने भाचीकडून, संस्कृतीकडून विचारलं. "परक्यांचं हितं काय काम न्हाई," प्रयागबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही.

नातू आदेशला नाव हवं होतं 'रॉकेट'. प्रयागबाईंनी कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या नातीला, संस्कृतीला, त्याचं कूळ विचारलं.

"इटलीचं हाय, आज्जी. सूत गुंडाळायच्या चातीवरून आलंय."

"मग चातीवानी जागच्या जागीच फिरंल की. ऱ्हाऊ दे."

'बुलेट' म्हणजे इवलासा गोळा निघाला. तोही बाद. आदेश वैतागला. "मग टँकच म्हणा, रणगाडा."

संस्कृती हसली. "टँक तर आपलाच. शिवनेरीवर पाण्याची टाकी हायेत ना, तेच टाकं. साहेबानं इकडूनच नेलं, असं काही जाणकार म्हणतात. पुढं लढाईच्या गाड्या बांधताना गुपित फुटू नये म्हणून त्यांनी त्या पाण्याच्या टाक्या म्हणून खपवल्या."

प्रयागबाई खूश. "ठरलं. टँक."

"लोक हसतील," आदेश कुरकुरला. "आता इंग्रजी झालाय तो शब्द."

"झाला तर झाला. आपली लेक दुसऱ्या मुलखात नांदली, तिची बोली बदलली, म्हून ती परकी झाली व्हय रं?"

संस्कृती मान खाली घालून खोंडाची पाठ खाजवत राहिली. आपण काय बोलून बसलो, ते प्रयागबाईंना जरा उशिराच उमगलं. त्यांना नातीचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग डोळेच भरून आले.

पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "आळ्याला फोन लाव. तिला म्हणावं, ववाळायला ये. अन् जावयालाबी आण."