वानखेडे मॅडम आणि सर्व्हरची रोजनिशी

सर्व्हरच्या रोजनिशीवर कुणी किस्से सांगतं का? आमच्याकडे सांगतात! जयपूरच्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघं मराठी. चहाच्या टपरीवर उभे राहिलो की कुणीतरी म्हणतं, "मॅडमचं ते ऐकलंस का?" एकाचा संपायच्या आत दुसऱ्याला तिसरा आठवतो, आणि चहा गार!

मॅडम म्हणजे वानखेडे मॅडम, आमच्या सिस्टिम टीमच्या प्रमुख. वडील रेल्वेत, मूळ भुसावळचे. बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मॅडमचं मराठी दर चार शब्दांनी "मतलब" या स्टेशनावर थांबतं.

आमचं काम लोकांचे सर्व्हर सांभाळायचं. सर्व्हर दिवसभरात काय काय केलं ते वेळेसकट एका फाइलमध्ये लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात. काही बिघडलं की आम्ही लॉग उघडतो. मॅडम बिघडायच्या आधीच उघडतात!

*

मी सांगलीहून नवा आलो होतो. एका सर्व्हरच्या लॉगमध्ये तारीख कशी उमटावी ते सेट करायचं काम मला मिळालं. मी केलं, आणि ऐटीत मॅडमना दाखवलं.

"०३/०४. ही कुठली तारीख?"

"तीन एप्रिल, मॅडम."

मॅडमनी राठोडला हाक मारली. तो अमेरिकेतल्या क्लायंटकडे दोन वर्षं काढून नुकताच परतला होता. "राठोड, हे काय आहे?"

"चार मार्च," राठोड म्हणाला.

"मतलब, तुम्ही दोघं ठरवून घ्या. मी चहा पिऊन येते!"

तेव्हापासून मी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितो. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा आता मनात उलटी करून वाचतो.

*

एका क्लायंटला लॉगच्या फाइलींची नावं 'सुंदर' हवी होती. आकडे रुक्ष वाटतात म्हणे! नावाच्या सुरुवातीला वार हवा. मॅडमनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, मग दिली करून.

तीन महिन्यांनी त्याचा फोन. "मैडम, पिछले सोमवार की फाइल ही नहीं मिल रही!"

मिळणार कशी? वर्णानुक्रमे सगळे शुक्रवार एकीकडे, सगळे सोमवार दुसरीकडे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोमवारों में ढूँढिए. सब साथ बैठे हैं."

दुसऱ्याच दिवशी त्याला आकडे आवडायला लागले.

*

पुलकित आमचा हुशार प्रोग्रामर, पण लिहायचा कंटाळा. कुठेही अडलं की त्याचा प्रोग्राम लॉगमध्ये एकच वाक्य टाकायचा, 'काहीतरी चुकलं.' काय चुकलं, कुठे चुकलं, काही नाही!

एक दिवस पुलकित जेवायला घरी गेला होता. मॅडमनी त्याला फोन लावला. "पुलकित, कुछ गड़बड़ हो गई है." आणि फोन ठेवला.

पुलकितचे लागोपाठ सात कॉल. मॅडम निवांत डबा खात होत्या. वीस मिनिटांत पुलकित घामाघूम होऊन दारात. "क्या हुआ मैडम? कहाँ हुआ?"

"काही नाही. लॉग वाचणाऱ्याला कसं वाटतं, ते समजलं ना?"

आज पुलकितचा लॉग इतका नेमका असतो की नवीन मुलांना आम्ही तो नमुना म्हणून दाखवतो.

*

आणि आता बगरूचा किस्सा. याला मी स्वतः साक्षीदार आहे.

जयपूरजवळच्या बगरू गावात ठशांनी कापड छापणारा एक कारखाना आमचा क्लायंट. तिथले रामस्वरूपजी जुने रंगारी. डाळिंबाची साल किती, नीळ किती, सगळी मापं त्यांच्या डोक्यात. वर्षभर खपून त्यांनी ती कॉम्प्युटरवर उतरवली होती. एक दिवस ती फाइल गायब!

शेठजींनी लॉगचा कागद छापून घेतला. 'फाइल पुसली, १०:४०.' सकाळी त्या वेळेला ऑफिसात रामस्वरूपजी एकटेच असत. झालं! "दूसरे कारखाने को बेच दी होगी," असं शेठजी सगळ्यांदेखत बोलले. मॅडम आणि मी पोचलो तेव्हा म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. निळे पडलेले हात मांडीवर. एवढंच म्हणाला, "अपना ही लिखा कोई मिटाता है, बाईसा?"

मॅडमनी कागद पाहिलाच नाही, सर्व्हर उघडला. "शेठजी, या सर्व्हरचं घड्याळ आपल्या वेळेवर कुणी लावलंच नाही. तो जगाची वेळ लिहितो, आपल्या साडेपाच तास मागे. मतलब, फाइल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पुसली गेली."

त्या दिवशी रामस्वरूपजी दुपारी दोनलाच नातीच्या साखरपुड्याला गेले होते. मिठाई तर शेठजींनीच दिली होती!

"और आपका कागज़ दाहिनी तरफ़ से कट गया है. पूरी लाइन पढ़िए."

ओळीच्या शेवटी कॉम्प्युटरचं नाव होतं. शेठजींच्या स्वतःच्या केबिनमधल्या. जुन्या फाइली साफ करताना हीही गेली होती.

शेठजी उठले. सगळ्या कारागिरांसमोर त्यांनी रामस्वरूपजींचे हात धरून माफी मागितली. मॅडमनी बॅकअपमधून फाइल परत आणली, सर्व्हरची वेळ दुरुस्त केली, आणि आम्ही निघालो.

शेठजी गाडीपर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "मैडम, वो एक लाइन... लॉग से मिट सकती है क्या?"

"क्यों नहीं सेठजी, अभी मिटा देती हूँ," मॅडम म्हणाल्या. "बस, मिटाने की भी एंट्री होगी. और अब टाइम बिल्कुल सही आएगा!"