नळाजवळच्या बेडकावर मीठ

सुमनताई, गुडघा आता वाकतो का? मोहनभाऊ, शुगर आटोक्यात आहे ना? मिनू, बाळाचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे, पण सकाळपासून डोकं तापलंय.

आमच्या छत्रीबागेतल्या घराच्या नळाजवळ, अळूच्या वाफ्यात, तीन पावसाळे झाले एक खडबडीत पाठीचा मोठा बेडूक राहतो. डास खातो, झुरळं खातो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आज सकाळी बघते तर शेजारचा पप्पू, दोन लेकरांचा बाप, त्याच्यावर मुठीने मीठ टाकतोय. बेडूक नुसता तडफडत होता.

"पप्पू भिया, हे काय चाललंय?"

"काकू, याला हात लागला की चामखीळ येते. देखो ना, कैसा गंदा है."

"गेल्या आषाढात पाऊस येईना, तेव्हा गल्लीत बेडकाचं लग्न लावलंत. नवरदेव असाच खडबडीत होता आणि हळद तूच लावलीस. आली का चामखीळ?"

"वो तो पूजा थी, काकू."

मग मात्र मी त्याला सोडलं नाही. पाऊस हवा तेव्हा पूजा, आणि पाऊस पडला की मीठ? लाज कशी वाटत नाही, असं तोंडावर सुनावलं. मिठाचा डबा हिसकून घेतला आणि बेडकाला हातानेच उचलून नळाच्या धारेखाली धुतलं.

आता तो ओल्या गोणपाटावर बसलाय. गळा हलतोय, पण पाय उचलत नाही. मिठाने भाजलेल्या बेडकावर आणखी काय उपाय करतात, तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का? असेल तर हातातलं काम ठेवा आणि आधी मला लिहा.