भिंत वाळेपर्यंत

लाखांदुरात मशीनने घराच्या भिंती धुऊन देणारा एक जण आहे. काम ठरवण्याआधी तो सगळ्यात मळका कोपरा हातभर धुतो आणि पाइप गुंडाळून बसून राहतो. "वाळू द्या. वल्ली भिंत सगळ्यायले नवीच दिसते."

मुलीच्या साक्षगंधाआधी तो आमच्याकडे आला. प्रत्येक कारागिराशी भांडणाऱ्या माझ्या बायकोलाही त्याने खुर्ची टाकून भिंतीसमोर बसवलं. कोपरा वाळला. शेवाळ गेलं होतं, गंजाचा डाग तसाच होता.

"वहिनी, हा असाच राहीन. चालन का?"

ती कुरकुरत हो म्हणाली.

साक्षगंधाला व्याह्यांनी नेमकं त्या डागाकडेच बोट दाखवलं. मी बायकोकडे पाहिलं.

"थो डाग रायतेच जी," बायको ठसक्यात म्हणाली, "मी पाहूनच हो म्हटलं."