स्पंजाची पाठवणी

आमच्या नंदुरबारच्या पोस्टातले बाबू तिकीट काचेच्या वाटीतल्या स्पंजावर ओलं करत आणि देवाला गंध लावावं तसं अंगठ्यानं पाकिटावर दाबत. गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा वर्ज्य. मी शाळेत मास्तर. एकदा बोलता बोलता सांगून बसलो, की स्पंज हा समुद्रातला जीव. काही जाती उथळ पाण्यात खडकाला चिकटून राहतात, काही खोल अंधारात.

"हाऊ मरेल शे ना?" वाटीतला हा जीव मेलेलाच आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारी प्रकाशा गावच्या घाटावर ते तापीत स्पंज सोडताना दिसले. म्हणाले, "तापी समुद्रलेच जास."

हल्ली ते तिकिटं जिभेनं ओली करतात.

"डिंक झाडनाच शे ना, मास्तर?" काल त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी ताबडतोब हो म्हणालो.