तिच्या उशीवरून काढलेला फोटो

आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरने चाळीस वर्षं लोकांना "हनुवटी वर, हलू नका" म्हणत ओळखपत्रांचे फोटो काढले. मग पक्षाघाताने त्याची बायको अंथरुणाला खिळली. तिची वाचा गेली, आणि गेले तीन दिवस ती घासही घेईना. परगावची मुलगी रोज फोनवर रडायची, "बाबा, आईचा एक तरी बरा फोटो पाठवा ना."

त्याने समोरून काढला, स्टुलावर चढून वरून काढला, जमिनीवर बसून खालून काढला. प्रत्येकात ती गेल्यासारखीच दिसत होती. शेवटी त्याने हात टेकले आणि तो तिच्याच उशीवर डोकं ठेवून आडवा झाला. सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर पंख्याची काळवंडलेली पाती आणि छताचे पोपडे. त्याने बटण दाबलं.

"अगं, दोन महिने तू हेच बघतेयस?"

तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

धापा टाकत त्याने एकट्याने पलंग रेटत खिडकीशी नेला. तिने दोन चमचे दूध गिळलं, तिसरा चमचा थुंकून टाकला. मुलीला त्याने छताचाच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आईला इतके दिवस एवढंच दिसत होतं. माझ्याच्याने होत नाही गं आता. तू ये."