गाठीले मारू नका

दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. औषध न्यायला आलेला माणूस जाताना एखादा ठेवूनच जातो. बीटी कापूस शिवारभर होऊन दहा-बारा वर्षं झाली तेव्हा मी सोनाळ्याजवळच्या एका खेड्यात नर्स होते. आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी त्यांना विचारलं, "मॅडम, माह्यं काऊन दुखते वो?"

आमच्या वऱ्हाडीत काऊन म्हणजे का. मॅडम माझ्या कानाशी आल्या. "सिस्टर, काऊन म्हणजे शरीराचा कुठला भाग?"

*

वेचणीच्या हंगामात शांताबाई आली. काखेत लिंबाएवढी गाठ. कोणीतरी कॅन्सर म्हटलं, म्हणून सुनेला कपाटाच्या किल्ल्या देऊनच निघालेली.

मॅडमनी गाठ पाहिली, मग तिचा हात पालथा करून बोटं पाहिली. बोंडाचं सुकलेलं टोक लागून एक बोट पिकलं होतं.

"बोटातले जंतू वर निघाले होते, बाई. काखेत अशा बारीक गाठी सगळ्यांनाच असतात, त्यातल्या या गाठीनं त्यांना तिथंच अडवलंय. त्यांच्याशी झुंजतेय म्हणून सुजलीय."

"म्हंजे हे माह्याच बाजूनं हाये?"

"हो."

"मंग गोळ्या बोटाले द्या. गाठीले मारू नका."

दारापर्यंत गेली आणि परत आली. हळूच मला म्हणाली, "सिस्टर, सुनेजवळून किल्ल्या कशा मांगू?"

*

गफ्फारभाई शिंपी. मानेत टीबीच्या गाठी. गोळ्या सुरू झाल्या, गाठी बसल्या, आणि गफ्फारभाई यायचे बंद झाले. मी दुकानात गेले तर म्हणाले, "गाठ गेली, सिस्टर. आता कायले गोळ्या?"

मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. "बीटी आलं तेव्हा बोंडअळी मरायची ना? आता?"

"आता नाही मरत. सवय झाली म्हन्तात तिले."

"गोळ्या मध्येच सोडल्या तर तुमच्या गाठीतले जंतूही तसेच निगरगट्ट होतील. मग शरीर एकटं किती लढणार?"

गफ्फारभाईंनी गोळ्यांचं पाकीट उचललं. पुढे दर खेपेला मान पुढे करून विचारायचे, "पाहा मॅडम, अळी हाये का अजून?"

*

लस दिल्यावर एका लेकराला ताप आला. बाप त्याला खांद्यावर घालून तरातरा आला. "चांगलं खेळून राह्यलं होतं. तुमीच बिमार केलं त्याले."

मी त्याला बसवलं. सांगितलं, की खरा रोग येण्याआधी शरीर त्याच्याशी लढायची तालीम करतं, हा ताप त्या तालमीचा.

त्यानं लेकराच्या कपाळाला हात लावला. आवाज उतरला. "तालीम जराशी कमी नाही करता येत का वो? लई लहान हाये ते."

*

रुक्माबाईचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात काखेतल्या गाठी काढाव्या लागल्या. त्या हातात शिरलेले जंतू अडवणारं आता फारसं काही उरलं नव्हतं, आणि हातातलं पाणीही नीट वर चढेना. मॅडमनी बजावलं होतं, "या हाताला साधा ओरखडासुद्धा नको. कापूस वेचणं बंद."

तरी ती वेचायला गेली. आली तेव्हा हात लालबुंद, कोपरापर्यंत सुजून तट्ट. अंगात ताप. ताबडतोब बुलढाण्याला पाठवलं. वाचली. परत आल्यावर मॅडमनी विचारलं, "का गेलात?"

"कापूस फुटला व्हता, मॅडम. माह्या हातासाठी थांबला नसता."

तिचा नवरा श्रीपतभाऊ बाकावर खाली मान घालून बसले होते.

पुढच्या हंगामात मी गृहभेटीला गेले तर घराला कडी. शेतात पाहिलं. रुक्माबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, निंबाच्या सावलीत, हात पदरात गुंडाळलेला. आणि श्रीपतभाऊ बायांच्या ओळीत, कमरेला बायकोची ओटी बांधून कापूस वेचत होते. आमच्याकडे वेचणी बायांचीच. शेजारच्या वावरातून कोणीतरी ओरडलं, "काऊन बे श्रीपत, लुगडं कवा नेसतो?"

श्रीपतभाऊंनी पुढच्या बोंडातला कापूस ओटीत टाकला.

"लगन झाल्यापासून पह्यल्यांदा माह्यं ऐकून राह्यले," रुक्माबाई मला म्हणाली. मग तिकडे तोंड करून, "अवो, मांगं एक बोंड राह्यलं."

श्रीपतभाऊ मागे वळले.