सुजाताचा मोठा मॉनिटर

एकवीस इंची मॉनिटर सुजाताच्या गाळ्यात बसला. मग सुजाता बसेना.

मी आणि हमाल, दोघं घामाघूम. मॉनिटरची पाठ भिंतीला टेकलेली आणि तोंड थेट टेबलाच्या कडेवर. कीबोर्डला जागाच नाही. तो मांडीवर घ्यायचा म्हटलं तर खुर्ची मागे ओढावी लागत होती, आणि खुर्चीचे मागचे पाय उंबऱ्याबाहेर पायरीवर जात होते. लालबागच्या चाळीतला तळमजल्याचा गाळा तो, त्याची खोली असून असून किती असणार!

"परबदादा, राहू दे. मी बसते कशीतरी," सुजाता म्हणाली.

"कशीतरी म्हणजे? पायरीवर? उद्या एखादा सायकलवाला खुर्चीसकट घेऊन जाईल तुला!"

ती हसली नाही. एरवी हसली असती.

माझं परळला कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. सुटे भाग आणायचे, जोडायचे, गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन बसवायचे आणि मग वर्षभर शिव्या खायच्या, हा धंदा. गिऱ्हाईक सगळं आजूबाजूचं. गिरण्यांचा संप होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. ज्या घरांतून एकेकाळी तीन पाळ्यांचे डबे निघायचे त्या घरांतली मुलं आता क्लास लावून कॉम्प्युटर शिकत होती. सुजाता त्यातलीच. तिचे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. संपानंतर मिलचं दार काही परत उघडलं नाही, तेव्हा त्यांनी तळमजल्याच्या खोलीचा पुढचा भाग तोडून गाळा काढला आणि भाजी विकायला बसले. ते गेल्यावर गाळा थोरल्या भावाकडे, विलासकडे आला. विलास टॅक्सी चालवायचा. त्याने गाळा बहिणीला दिला आणि तिने तिथे डीटीपी सुरू केलं. डीटीपी म्हणजे छापायच्या मजकुराची पानं कॉम्प्युटरवर लावायची, आणि ती छापखान्याला द्यायची. एप्रिलमध्ये जयंतीच्या स्मरणिका, मे महिन्यात लग्नपत्रिका, आणि श्रावण लागला की गणपती मंडळांचे अहवाल. अहवालात मंडळाचा जमाखर्च थोडा आणि देणगीदारांची नावं, फोटो, जाहिराती फार. बाई हुशार, हात जलद. धंदा छान चालला होता.

म्हणून ती माझ्या दुकानात येऊन जे म्हणाली त्याने मी चक्रावलो.

"दादा, मला मोठा मॉनिटर पाहिजे. मोठा म्हणजे चांगला मोठा. नाही जमला तर गणपतीनंतर मी दुकान बंद करते. एका ऑफिसात टायपिंगची नोकरी बघून ठेवलीय."

"अगो, चालता धंदा काचेपायी बंद करतेस? वेड लागलंय?"

"बंद करायचा नाही म्हणूनच आलेय ना."

बजेट ऐकलं तर नव्या पंधरा इंचीचंही धड नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, गिऱ्हाईक उठून जातं. मी विचारलं, "डोळे दुखतात का?"

"नाही."

"अक्षरं बारीक दिसतात?"

"नाही. माझे डोळे चांगले आहेत." आणि दारात उभं राहूनच माझ्या टेबलावरच्या खोक्यावरचं बारीक इंग्रजी तिने वाचून दाखवलं.

इथे थोडं समजावून सांगतो. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे काचेची जाड नळी, जुन्या टीव्हीसारखी. पडदा जेवढा रुंद, जवळपास तेवढीच मागची ढेरी. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. आणि लोकांचा एक पक्का गैरसमज असतो, की मॉनिटर मोठा घेतला की अक्षर मोठं होतं. तसं होतंच असं नाही. पडद्यावर किती ठिपके मांडायचे, याला रिझोल्यूशन म्हणतात. मोठा मॉनिटर घेऊन ठिपके वाढवले तर कागद जास्त दिसतो, अक्षर होतं तेवढंच राहतं. हे सगळं मी सुजाताला अर्धा तास सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं. पण मोठा बघा."

मग मीही पेटलो. एक जाहिरात कंपनी जुनं सामान काढत होती, तिथून हा एकवीस इंची सेकंडहँड मिळाला. जवळजवळ भंगाराच्या भावात, कारण उचलायलाच कुणी तयार नव्हतं. मी मनात म्हटलं, परब, तू जिंकलास! आणि आता नाकापेक्षा मोती जड झालेला बघत गाळ्यात उभा होतो.

"तू टेबल फिरव," मी म्हटलं. "भिंतीला पाठ करून बस, तोंड रस्त्याकडे. मॉनिटरची ढेरी बाहेरच्या बाजूला जाईल."

"तसं करून बघितलंय एकदा," ती म्हणाली. "मग लोक टेबलाला वळसा घालून आत येतात. तेव्हा मागे भिंत असते. उठायलाही जागा राहत नाही."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. घोडं कुठं पेंड खातंय ते मी मॉनिटरमध्ये शोधत होतो. एकवीस इंची खाली उतरवला, तिचा जुना चौदा इंची परत लावला आणि तिच्या खुर्चीत बसलो. म्हटलं पडदा लुकलुकत असेल, त्याने डोकं दुखत असेल, आणि बाईला ते सांगता येत नसेल. सुजाता चहा आणायला गेली. पडद्यावर एका मंडळाच्या अहवालाचं पान उघडं होतं.

तेवढ्यात त्याच मंडळाचे खजिनदार, नार्वेकर अण्णा, आले.

"आज तू बसलायस काय? बरं झालं. ते देणगीदारांचं पान दाखव."

दाखवलं. अण्णांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, दुसरा टेबलावर, आणि वाकले. मी दोन्ही हातांच्या मधे. त्यांचं पोट माझ्या खांद्यावर, हनुवटी कानाशी, आणि तंबाखूचा असा भपकारा की माझे डोळे भरून आले. एका बोटाने काच पुसत ते वाचत होते. "हां, हे बघ. पाटील वर घे. त्यांचे बंधू आधी नकोत, पाटील रागावतात. आणि ह्याच्यामागे 'श्री.' कुठं गेला?" प्रत्येक नावाला आणखी वाकत होते.

आपल्याकडे अहवालाची हीच पद्धत. कागदावर प्रूफ काढून दिलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाचा फोटो केवढा, हे सगळं मागे उभं राहून, ऑपरेटरच्या डोक्यावरून, डोळ्यांदेखत बदलून घ्यायचं. एका अहवालाला दहा कार्यकर्ते दहा वेळा येतात.

"अण्णा, जरा मागे व्हा," मी म्हटलं.

"अरे, चष्मा घरी राहिला रे. दिसत नाही मला."

मी सरळ उठून उभा राहिलो, म्हणून सुटलो. अण्णा दोन नावं वर-खाली करून घेऊन, खूश होऊन गेले. वळून बघतो तर सुजाता दोन ग्लास घेऊन पायरीवर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"रोज असंच?" मी विचारलं.

"अण्णांचं काही नाही," ती म्हणाली. "त्यांना खरंच दिसत नाही. काहींना चांगलं दिसतं. तरी वाकतात."

ती चहाचा ग्लास माझ्या हातात देत म्हणाली, "मोठा मॉनिटर असला तर सांगता येतं ना, की काका, तिथून दिसतंय, तिथंच उभे राहा. आता काय सांगू? चौदा इंची आहे. वाकायला कारण मीच देते त्यांना."

"विलासला बोललीस?"

"त्याला बोलले तर तो एकाला मारेल आणि शटर खाली ओढेल. भांडण त्याचं मिटेल. दुकान माझं जाईल."

माझं डोकं फिरलं. त्या वाकणाऱ्यांवर फिरलं, आणि या पोरीला अर्धा तास ठिपक्यांचं पुराण ऐकवलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, याचीही लाज वाटली. खरं म्हणजे तिने मला पहिल्याच दिवशी अचूक ऑर्डर दिली होती. कारण तेवढं दिलं नव्हतं, आणि ते का द्यावं तिने मला?

पण आता काम सोपं झालं. मोठा पडदा सुजाताला नकोच होता. मोठा पडदा गिऱ्हाइकांना हवा होता, आणि तो तिच्यापासून लांब हवा होता. म्हणजे मॉनिटर दोन. तिचा चौदा इंची तिलाच ठेवला. माझ्याकडे एक जुना सतरा इंची पडून होता, कोपऱ्यात थोडा पिवळट झालेला, म्हणून कुणी घेत नव्हतं. अहवालातली नावं वाचायला पिवळट काय आणि पांढरं काय! तिच्या बजेटात तो आरामात बसला. एका कॉम्प्युटरचं चित्र दोन मॉनिटरवर न्यायला आधी साधी दुतोंडी केबल लावली, तर दोन्ही पडदे आजारी माणसासारखे फिकट पडले. मग लॅमिंग्टन रोडवरून विजेवर चालणारी डबी आणली. तिला स्प्लिटर म्हणतात. आत एक वायर जाते, बाहेर दोन निघतात, चित्र दोन्हीकडे तेच आणि तितकंच स्वच्छ. ठिपके चौदा इंचीला झेपतील तेवढेच ठेवायचे. त्यामुळे बाहेरच्या सतरा इंचीवर तेच पान ऐसपैस आणि अक्षर ठळक.

टेबल आडवं लावलं, एका भिंतीला टेकवून. ती आत, तोंड रस्त्याकडे. सतरा इंची टेबलाच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून. आत-बाहेर करायला टेबल आणि दुसऱ्या भिंतीच्या मधे उचलायची फळी, आणि फळीला आतून कडी. कडी सुजाताने स्वतः आणली होती. चांगली जाड होती.

पहिल्याच संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. नार्वेकर अण्णा आले, सवयीने फळीपर्यंत गेले. सुजाता म्हणाली, "अण्णा, आत छोटा आहे. मोठा बाहेर बघा." अण्णांनी बाहेरच्या पडद्यावर आपलं नाव बघितलं. "अरे वा! हे झकास केलंस!" मग आणखी दोन कार्यकर्ते बोलावून आणले, खास नाव दाखवायला.

थोड्या वेळाने दुसऱ्या मंडळाचा एक इसम आला. चाळिशीचा, केस चापून बसवलेले, डोळ्याला चष्मा नाही. सरळ फळी उचलायला लागला. फळी हलेना.

"कडी काढ ना. इथून नीट दिसत नाही मला."

सुजाता कीबोर्डवरून हात न काढता म्हणाली, "दादा, बाहेरच उभे राहा. दिसतं."

"अगं, मी आतून सांगतो, पटकन होईल."

तेव्हा नार्वेकर अण्णा वळले. चष्मा त्या दिवशीही घरीच होता. "काय रे? मला आंधळ्याला इथून दिसतंय, आणि तुला नाही दिसत?"

बाकीचे दोघं खो खो हसले. तो इसम लाल झाला. आपल्या मंडळाची नावं त्याने पायरीवर उभ्याने, हात पाठीमागे बांधून, मुकाट्याने तपासली. अण्णांना आपण काय केलं याचा पत्ता नव्हता. सुजाताने मान वर केली नाही, पण तिच्या टायपिंगचा आवाज एकदम सुसाट झाला.

विलासने एकदा टॅक्सी थांबवून मला विचारलं, "गिऱ्हाइकांसाठी टीव्ही कशाला लावून दिलास? फुकट खर्च."

"धंदा वाढतो," मी म्हटलं. ते खरंही होतं. महिला मंडळाच्या बाया त्या वर्षीपासून तिच्याकडे यायला लागल्या. नोकरीच्या जागेला सुजाताने नाही कळवून टाकलं. एकवीस इंची मी दादरच्या एका आर्किटेक्टला खपवला, हमाली अंगावर पडली.

तेव्हापासून मॉनिटर मागायला कुणीही आलं की मी इंच आणि बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, खुर्चीत कोण बसतं आणि मागे कोण उभं राहतं? पुरुष म्हणतात, परब, ह्याचा मॉनिटरशी काय संबंध? बायका लगेच उत्तर देतात.